घड की बाळी: तासगावच्या एका द्राक्षबागेचं प्रकरण

दिवाळी चार दिवसांवर आली होती. सकाळी साडेनऊला केंद्राचं शटर वर केलं, तर तात्या आधीच पायरीवर बसलेले. आत आले, चहा नको म्हणाले आणि माझ्या टेबलावर खताची रिकामी पिशवी उपडी केली. आतून द्राक्षाच्या कोवळ्या फुटी पडल्या, पंधरा-वीस तरी असतील. एकीलाही घड नाही. घड जिथं दिसायला हवा तिथं नुसत्या बाळ्या, म्हणजे वेल ज्यांनी आधार धरतो ते तंतू, काही सरळ, काहींनी एकमेकींना विळखे घातलेले.

"सर, तुमच्या कागदावर काय लिवलंय ते वाचा जरा," तात्या म्हणाले आणि बंडीच्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

कागद माझाच होता. १९ सप्टेंबरची डोळे तपासणी, म्हणजे काडीवर जिथून नवी फूट निघते त्या डोळ्यांची. दहा काड्या, त्यातल्या नऊ काड्यांत घड, गाठीच्या पुढं एक डोळा राखून छाटणी घ्यावी अशी शिफारस, खाली माझी सही.

द्राक्षाशी संबंध नसलेल्यांसाठी दोन वाक्यं. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, तिच्यातून माल येतो. ऑक्टोबरात दिसणारा घड मात्र ऑक्टोबरात जन्मत नाही. तो मे-जूनमध्ये काडीवरच्या डोळ्याच्या आत, मोहरीच्या दाण्याहून लहान आकारात तयार होऊन बसलेला असतो. तो कोणत्या डोळ्यात आहे हे कळलं तर कात्री कुठं लावायची हे कळतं. म्हणून सप्टेंबरात शेतकरी काड्या घेऊन येतात, मी ब्लेडने डोळे चिरून मायक्रोस्कोपखाली बघतो आणि कागद देतो. बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी करून हा धंदा करावा लागतो याचं घरच्यांना वाईट वाटतं. मला वाटत नाही. एका हंगामात हजारो डोळ्यांच्या आत डोकावायला मिळतं, ते कुठल्या प्रयोगशाळेत मिळालं असतं?

बाग

सावळज भागात, रस्त्याला लागून दोन एकर. थॉमसनच्या घराण्यातलं वाण, मुळांसाठी खाली डॉगरिजचं खुंट, इंग्रजी वाय आकाराचा सांगाडा, वय सात वर्षं. जमीन उताराची. रस्त्याकडचा वरचा एकर मुरमाड, पाणी टाकलं की तासाभरात खाली. खालचा एकर काळ्या मातीचा, आणि त्याच्या उशाला तात्यांनी चार वर्षांपूर्वी खोदलेलं शेततळं. तळाशी अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटून तळं कुठंतरी झिरपतं हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यातसुद्धा खालच्या ओळींत पाय ठेवला की चप्पल चिकटायची, आणि तात्यांना त्यात कौतुकच वाटायचं.

मी त्याच दुपारी बाग बघितली. वरच्या एकरात घड होते, चांगले होते. खालच्या एकरात दहा फुटींमागे एखादा घड, तोही बोटाएवढा. सीमारेषा कुणी दोरी धरून आखावी इतकी ठळक, जिथं माती बदलते तिथंच.

आता माझी चूक. सप्टेंबरात काड्या मीच कापून आणल्या होत्या. त्या दिवशी पाऊस होता, खालच्या अंगाला चिखल होता, गाडी रस्त्यावर उभी होती. मी दहाच्या दहा काड्या वरच्या एकरातून घेतल्या आणि कागदावर 'प्लॉट: २ एकर' असं लिहिलं. मायक्रोस्कोपने काही खोटं सांगितलं नव्हतं. मी त्याला अर्धाच प्लॉट दाखवला होता.

हे मी तात्यांना बांधावरच सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे छाटायच्या आधी कळलं असतं तर?" कळलं असतं तर खालच्या एकरात डोळे वाढवून, घड असलेल्या ठिकाणापर्यंत लांब छाटणी घेता आली असती. काही माल हाती लागला असता. तपासणीची फी परत दिली; एक एकराच्या नुकसानीपुढे ती रक्कम सांगण्यासारखी नाही.

"काडी फिरली"

तोवर गावाचा निकाल लागला होता. तात्यांच्या भावकीतले एक अण्णा बागेत येऊन, एक बाळी तोडून, दाताखाली चावून म्हणाले, "काडी फिरलीया. नर्सरीवाल्यानं वांझ काडी दिली तुला. उपटून टाक आन् नवीन कलम भर." दोघा-तिघांनी मान डोलावली. तात्यांनी खालचा एकर उपटायचा विचार जवळजवळ पक्का केला होता.

अण्णांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, आणि ते तासगावात तर मुळीच नाही. द्राक्षाची काडी खरंच फिरते. तास-ए-गणेश हे वाण याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतून निवडलं. सोलापूरकडचं सोनाकाही तसंच, थॉमसनच्याच पोटातून. वेलाच्या एखाद्या फांदीतल्या पेशीत डीएनएचं अक्षर बदलतं, त्या पेशीपासून वाढलेली काडी वेगळी निघते, ती कलमाने वाढवली की बदल कायमचा. चांगला बदल झाला की आपण त्याला वाण म्हणतो. मग वाईट बदलही होऊ शकतो, हा अण्णांचा तर्क सरळ होता.

पण जनुक बदललं असेल तर ते काडीबरोबर जायला हवं. काडी जिथं जाईल तिथं वांझपणा गेला पाहिजे. आणि इथं नशिबाने एक प्रयोग आधीच होऊन बसला होता, फक्त कुणाच्या ध्यानात नव्हता. तात्यांशी बोलता बोलता कळलं की वरच्या एकरातले सात नांगे, म्हणजे वेल मेलेल्या रिकाम्या जागा, त्यांनी तीन वर्षांपूर्वी भरले होते. काड्या कुठून आणल्या? "कुठनं आणायच्या, खालच्याच अंगाच्या. तिकडं वेल जोमात हुतं." सातातली पाच कलमं जगली होती. आम्ही दोघं ती शोधत फिरलो. पाचही वेलांवर घड होते, शेजारच्या वेलांइतकेच.

काडी खालची, माती वरची, आणि घड वरच्यासारखे. जनुकं उतार चढून वर आली होती. वांझपणा मागेच राहिला होता. खालच्या अंगाच्या वेलांत काही 'फिरलं' नव्हतं. दोन्ही एकरांत गुणसूत्रांच्या त्याच १९ जोड्या, तीच साधारण तीस हजार जनुकं. द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्येच वाचून झालाय. मग त्याच पुस्तकातून वरच्या वेलाने घडाचं पान वाचलं आणि खालच्याने बाळीचं, असं का झालं?

पाठ्यपुस्तकात जनुकांची 'अभिव्यक्ती' म्हणतात ती हीच. शब्द जरा कवितेच्या अंगाने जाणारा आहे, पण गोष्ट कारकुनी आहे: कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, कोणत्या जनुकाची आरएनए नक्कल काढायची आणि किती. डोळ्यातल्या आणि मुळातल्या पेशीत डीएनए एकच असतो. नकला वेगळ्या निघतात म्हणून एक डोळा होतो आणि दुसरी मूळ.

चूक मे महिन्यातली की ऑक्टोबरातली?

बाळ्या दोन रस्त्यांनी येतात आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. एक, डोळ्यात घड तयारच झाला नाही. दोन, घड तयार झाला होता, पण छाटणीनंतर ढगाळ हवा, जास्त पाणी, अंगात साठा कमी, यामुळे तो जिरला आणि बाळीवर गेला. पहिल्या प्रकारात दोष खरड छाटणीच्या हंगामाचा, दुसऱ्यात फळछाटणीनंतरच्या पंधरा दिवसांचा. उपाय पूर्ण वेगळे. आणि छाटून गेलेल्या काडीला विचारता येत नाही.

इथं मजुरांची टंचाई कामाला आली. टोळी दुसऱ्या बागेला पळाल्याने खालच्या अंगाची शेवटची ओळ छाटायची राहून गेली होती. तिथल्या बारा काड्या मी कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि रात्री टेबलावर बसलो.

डोळा चिरणं हे सुपारी कातरण्यासारखं काम आहे. जोर कमी, धीर जास्त. वरची तपकिरी टरफलं सोलली की आत कापसासारखी लव लागते. ती सुईने बाजूला केली की हिरवा कोंब दिसतो. खरं तर एका डोळ्यात तीन कोंब असतात, मधला मुख्य. त्याला उभा काप दिला की पानांच्या इवल्याशा घड्या एकमेकांवर बसलेल्या, आणि त्यांच्या समोरच्या अंगाला, असला तर, घड. चाळीसपट मोठा केला की तो फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो: गोल गोल उंचवटे, किंचित पारदर्शक, दव पडल्यासारखे चकाकणारे. बाळी असेल तर तिथं बेचकी दिसते. दोन काटे, गुळगुळीत, उंचवटे नाहीत.

बारातल्या दोन काड्यांत मला फ्लॉवर दिसला. दहांत बेचकी.

म्हणजे ऑक्टोबरचा काही संबंध नव्हता. दहा काड्यांत घड कधी झालाच नव्हता.

घड आणि बाळी हे सख्खे भाऊ आहेत ही गोष्ट जुनी, आणि तिचा मोठा धागा १९८१ मध्ये श्रीनिवासन आणि मलिन्स या संशोधकांनी नीट मांडला. डोळ्यात आधी एक कोरा अंकुर निघतो. त्याच्यावर काहीही लिहिलेलं नसतं. तो दोन काट्यांत फुटतो. पुढं त्याला पुन्हा पुन्हा फाटे फुटत गेले की घड. दोन-तीन फाट्यांवर थांबला की बाळी. सायटोकायनिन नावाचं संप्रेरक मिळालं तर पारडं घडाकडे झुकतं, जिबरेलिन जास्त झालं तर बाळीकडे. आपण खरड छाटणीनंतर चाळीस-पन्नास दिवसांच्या सुमाराला ६-बीए मारतो ते सायटोकायनिनच, आणि सीसीसी मारतो ते वेलाची स्वतःची जिबरेलिन बनवायची भट्टी मंद करण्यासाठी. शेतकऱ्याला ही नावं पाठ असतात. आत काय होतं ते फार कमी वेळा कुणी सांगतं, म्हणून इथं थोडं थांबतो.

कुलूप

पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिनं असतात. नाव पाच अमिनो आम्लांच्या एकाक्षरी खुणांवरून पडलेलं. त्यांचं काम वाढीच्या जनुकांना लगाम घालायचं: ज्या प्रथिनांनी त्या जनुकांच्या दारात जाऊन नक्कल सुरू करायची, त्यांनाच डेला धरून ठेवतं. जिबरेलिन आलं की ते आपल्या ग्राहक प्रथिनावर, म्हणजे त्याला ओळखून धरणाऱ्या प्रथिनावर, बसतं. हे ग्राहक प्रथिन २००५ मध्ये भातात सापडलं. ती जोडी डेलाला पकडते, त्याच्यावर 'मोडीत काढा' असा शिक्का बसतो आणि पेशीचं भंगार यंत्र त्याचे तुकडे करतं. लगाम सुटला, जनुकं धावली, पेर लांबलं.

म्हणजे जिबरेलिन स्वतः कोणतंही जनुक चालू करत नाही. ते कुलूप तोडतं. लोक 'जीए (म्हणजे जिबरेलिनच) मारलं की वाढ होते' म्हणतात तेव्हा हे मधलं कुलूप नजरेतून सुटतं, आणि सगळा खेळ त्यातच आहे.

या कुलपाचा द्राक्षातला पुरावा मला फार आवडतो. फ्रान्समध्ये पिनो मुनिए नावाचं वाण आहे, शॅम्पेनमध्ये जातं. मुनिए म्हणजे पिठाच्या गिरणीवाला. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी लव असते म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या बॉस आणि थॉमस या दोघांनी २००२ मध्ये दाखवलं की हा वेल दोन थरांचा आहे: बाहेरच्या थरातल्या पेशींत एक बदल, आतल्या थरात तो नाही. त्यांनी फक्त बाहेरच्या थराच्या पेशींपासून स्वतंत्र रोप वाढवलं. रोप निघालं बुटकं, आणि जिथं जिथं बाळी यायची तिथं तिथं घड. शेंड्यापर्यंत घडच घड. बदल होता डेलाच्या जनुकात, एका अक्षराचा. कुलूप असं झालं होतं की जिबरेलिनला ते तोडता येईना. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात मेक्सिकोहून आपल्याकडे आलेल्या बुटक्या गव्हाचा बुटकेपणाही याच घराण्यातल्या जनुकाचा. ज्या बदलाने गव्हाचं ताट लोळायचं थांबवलं, तसल्याच बदलाने वेलाच्या बाळीचा घड केला.

तात्यांना हे मी त्याच टेबलावर, बेचकी आणि फ्लॉवर दोन्ही मायक्रोस्कोपखाली दाखवत सांगितलं. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि मग नेमका तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती.

"मग जीए एवढं वंगाळ, तर डिसेंबरात आपणच त्याच्यात घड बुडवतो की वो. तवा कसं चालतं?"

चालतं, कारण तेव्हा पेशी वेगळी असते. मे महिन्यात कोऱ्या अंकुराचा निर्णय व्हायचा असतो. तिथं कुलूप तुटलं तर तो बाळीच्या वाटेला लागतो. डिसेंबरात मण्याची पेशी मणी होऊन बसलेली असते. तिच्यात घड-बाळीचा प्रश्न उरलेलाच नसतो, त्या जनुकांची दारं मिटलेली असतात. कुलूप तुटलं की जे दार उघडं आहे तेच उघडतं, म्हणजे फुगवणीचं. बिया असलेल्या द्राक्षात बीच जिबरेलिन पुरवते. आपलं द्राक्ष बिनबियांचं, म्हणून आपण डिपिंग करतो. हुकूम तोच, ऐकणारा बदलला. मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपावर जगभर संशोधन चालतं, त्याच्यात तर जिबरेलिन फुलोऱ्याला मदत करतं. आंब्यात पुन्हा उलट, म्हणून कोकणात हापूसला जिबरेलिन अडवणारं पॅक्लोब्युट्राझोल देतात. एका झाडावर शिकलेलं दुसऱ्याला लावताना हात आखडता ठेवावा तो यासाठी.

तात्या म्हणाले, "म्हंजे एकच नोटीस, वाचणारा निराळा." मी हा शब्दप्रयोग त्यांच्याकडून उचललाय आणि आता सगळ्यांना सांगतो.

खालच्या अंगाला काय झालं

दोन्ही एकरांना फवारण्या एकच, एकाच टाकीतल्या. तात्यांच्या वहीत तारखा होत्या. त्यांची वही माझ्या कागदापेक्षा भरवशाची निघाली. फरक चार सापडले.

वरची खरड छाटणी ७ एप्रिलला झाली होती, खालची २१ ला, पुन्हा टोळीच्याच भानगडीने. कोऱ्या अंकुराचा निर्णय साधारण चाळीस ते साठ दिवसांत होतो असं धरलं, तर वरच्याला १७ मे ते ६ जून मिळाले. कडक ऊन. खालच्याचे दिवस ३१ मे ते २० जून, आणि त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ जे भरलं ते दोन आठवडे हललं नाही. सावलीतल्या आणि ढगाळ दिवसांतल्या डोळ्यांत घड कमी धरतो, हे १९७० च्या आसपास बट्रोज यांनी बंदिस्त खोलीत उजेड-तापमान मोजून दाखवलेलं आहे; आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना ते खोलीशिवाय माहीत होतं.

दुसरं, पाणी. सबकेन, म्हणजे शेंडा खुडल्यावर पुढं फुटणारी काडी, झाल्यावर वेलाला थोडा ताण द्यायचा असतो. वरच्या अंगाला ड्रीप कमी केलं की ताण बसतो. खालच्या अंगाला ड्रीप बंद केलं तरी तळं पाजतच होतं.

तिसरं, जोम. काळी माती, पाणी, आणि वरच्या अंगाइतकंच नत्र. डॉगरिज हे मुळात जोरकस खुंट. वेल इतका माजला की पानांचे तीन थर, आणि काडीवरचे डोळे दिवसभर अंधारात. जोमाने पळणारा शेंडा जिबरेलिनवरच पळत असतो.

चौथं मी थोडं दबक्या आवाजात सांगतो, कारण त्याचं मोजमाप माझ्याकडे नाही: सायटोकायनिनचा मोठा वाटा मुळांच्या टोकांत तयार होतो, आणि दलदलीत मुळं गुदमरतात. म्हणजे पारड्यात एका बाजूला जास्त पडत होतं आणि दुसऱ्या बाजूने काढलंही जात होतं.

यातलं कुणाचं किती, हे या बागेवरून वेगळं काढता येत नाही. उशिरा छाटलेली नेमकी ओलीच जमीन होती. वेगळं काढायचं तर वरचा एखादा पट्टा मुद्दाम उशिरा छाटायला हवा, आणि त्याला तात्या कशाला तयार होतील? जूनमध्ये खालच्या अंगाची वाढ बघून त्यांनी सीसीसीची मात्रा वाढवली होती. दार बरोबर होतं, पण आत पाणी आणि नत्र ढकलत असताना बाहेरून दार दाबून धरण्याला मर्यादा असते. शिवाय ते औषध वेलात मुरून राहतं. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे याच सीसीसीचे, अंश सापडून माल अडकला होता, हे निर्यात करणारा कुणी विसरलेला नाही.

काकवी

मायक्रोस्कोपने आकार कळतो, हुकूम कळत नाही. मला नकला मोजायच्या होत्या. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात माझा एक वर्गमित्र जिथं शिकवतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन्ही अंगांचे डोळे घेऊन गेलो. आईस्क्रीमवाल्याकडून बर्फ घेतला, थर्मोकोलचा डबा, दीड तासाचा प्रवास. जनुकाची अभिव्यक्ती मोजायची ठरलेली रीत अशी: नमुना तोडल्या क्षणी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकायचा, खलात पीठ करायचं, आरएनए वेगळा काढायचा, त्याच्यापासून उलटा डीएनए बनवायचा आणि ज्या जनुकाचा संशय आहे त्याचा तुकडा यंत्रात दुप्पट-दुप्पट करत किती फेऱ्यांनी उजेड दिसतो ते मोजायचं. लवकर दिसला म्हणजे नकला जास्त होत्या. सोबत सगळीकडे सारखं चालणारं एखादं जनुक मोजायचं, म्हणजे वजनकाट्याला दगड मिळतो.

आमचा पहिल्याच पायरीवर घात झाला. नळीच्या तळाशी पांढरा आरएनए बसायला हवा होता. बसली गुळाच्या काकवीसारखी तपकिरी साय. द्राक्षाच्या डोळ्यात टॅनिनसारखी द्रव्यं ठासून भरलेली असतात, ती हवेला लागली की आरएनएला चिकटतात. दीड तासाच्या बर्फात आरएनएचंही बरंच पाणी झालं होतं. मित्र म्हणाला, पुन्हा नायट्रोजनचा कॅन घेऊन बागेतच गोठवू.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती साय पांढरी निघाली असती तरी उपयोग नव्हता. पेशीतली आरएनए नक्कल काही मिनिटं ते काही तास टिकते. घड की बाळी हा निर्णय मे-जूनमध्ये झाला. मी सप्टेंबरात हुकूम शोधायला गेलो होतो. लग्न उरकून मांडव सोडल्यावर वाजंत्री कोणती होती ते विचारल्यासारखं. आणि अख्खा डोळा वाटला तर टरफलं, लव, पानं यांच्या नकलांत त्या चिमूटभर अंकुराचा आवाज बुडून जातो. ज्यांनी द्राक्षाच्या डोळ्यात फुलोऱ्याची जनुकं कुठं जागी होतात ते दाखवलं, त्यांनी डोळ्याचे पातळ काप घेऊन, त्या नकलेला चिकटणारा रंगीत तुकडा टाकून, कापावरच डाग पाहिले. ती सोय माझ्याकडे नाही. त्यामुळे या प्रकरणात जनुकांबद्दल मी जे म्हणतो ते इतरांच्या कामावरून लावलेलं अनुमान आहे. माझा स्वतःचा पुरावा म्हणजे बारा काड्या, पाच नांगे आणि तात्यांची वही.

पुढचा हंगाम

बाग उपटली नाही. ती दिवाळी गेल्यावर तळ्याच्या खालच्या अंगाला तीन फुटांचा चर काढला आणि झिरपा ओढ्याला वळवला. खालच्या एकराला ड्रीपचा वेगळा व्हॉल्व्ह बसवला. खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दोन्ही अंगांची सलग दोन दिवसांत. त्यासाठी तात्यांनी टोळीला उचल आधी दिली. खालचं नत्र जवळपास बंद, विरळणी कडक, बगलफुटी वेळेवर काढल्या, म्हणजे डोळ्यांना ऊन लागेल. सीसीसी वरच्याइतकंच.

अण्णा मे महिन्यात येऊन खालचे वेल बघून गेले. "वेल उपाशी मारलंस," म्हणाले.

सप्टेंबरात काड्या दोन वेगळ्या जुड्यांत आणल्या. वरच्या बारातल्या अकरांत घड, खालच्या बारातल्या आठांत. आठ म्हणजे अकरा नव्हे. खालच्या अंगाचे घड डोळ्यात लहानही होते, आणि मी तिथं गाठीपुढं एक डोळा जास्त राखायला सांगितलं. दोन्ही अंगांचे कागद वेगळे दिले, प्रत्येकावर बागेचा हाताने काढलेला नकाशा आणि काड्या कुठून घेतल्या त्याच्या फुल्या. हे मी आता सगळ्यांना देतो. काहीजण विचारतात, चित्राचे पैसे वेगळे का?

यंदाच्या सप्टेंबरात मी निघायच्या आधीच तात्यांचा फोन आला.

"काड्या मीच कापून ठेवल्यात, सर. खालच्यास्नी लाल दोरा बांधलाय, वरच्यास्नी पांढरा. तळ्याच्या अगदी अंगच्या चार हायत, त्यास्नी दोन लाल. मिसळू नगासा."